हिंदमाता आली की एसी बंद

गिरणी संपाचं दुसरं वर्ष सरत आलं होतं, तेव्हाचं हे भांडण. शिवडीच्या कोळीवाड्यात, भर दुपारी, महादेव आणि त्याचा थोरला भाऊ चंदू यांच्यात जुंपली. महादेवची बायको मंजुळा पत्र्याच्या कुडापलीकडे सुके बोंबील निवडत बसली होती. कान देऊन ऐकावं असा तिचा स्वभाव नव्हता. पण चंदूचा आवाज एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारून तयार झालेला, आणि मध्ये आडोसा म्हणजे एक गंजका पत्रा. न ऐकून करते काय!

चंदूचं म्हणणं साधं होतं. होडीवर ये, बापाची जागा आहे, जाळं ओढ, पोटापुरतं मिळेल. महादेवचं म्हणणं त्याहून साधं. संप मिटणार, गिरणी सुरू होणार, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात त्याची जागा त्याची वाट बघते आहे. चंदूनं विचारलं, गिरणीवाल्यानं तुझ्यासाठी पाट-रांगोळी मांडून ठेवली आहे काय. महादेव म्हणाला, तुझ्या होडीवर चढलो तर जन्मभर उपकार मोजत बसशील. मग मेलेला बाप आला, आईची दुखणी आली, कुणाच्या लग्नात कुणी हात आखडला ते आलं. भावाभावांची भांडणं अशीच, घरातला प्रत्येक डबा उघडून बघतात.

आणि एकदम सगळं गप्प झालं. मंजुळानं पत्र्याच्या भोकाला डोळा लावला.

चंदूनं कोपऱ्यातल्या टोपलीतला एक बांगडा भावाच्या नाकाशी धरला होता. नारळाच्या बुडात खत म्हणून घालायला ठेवलेला, चार दिवसांचा. कुडापलीकडे मंजुळाच्या डोळ्यांना पाणी आलं त्या भपक्यानं. महादेव तसाच उभा. डोळे रागानं लाल, पण नाक काही हललं नाही.

"तुला वास येत नाय, महाद्या," चंदू हळू बोलला.

"येतो."

"मग सांग. ताजा का सडका?"

महादेवनं जरा वेळ घेतला. तो वेळच मंजुळाला पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिला. मग तो म्हणाला, "ताजा."

चंदूनं बांगडा टोपलीत टाकला आणि हात लुंगीला पुसला. "कुणाला बोलू नको, दादूस," महादेव म्हणाला. चंदू म्हणाला, नाक नसलेला कोळी, हे मी कुठल्या तोंडानं कुणाला सांगू. तो गेला, आणि पुन्हा त्यानं भावाला होडीवर कधी बोलावलं नाही.

चौदा वर्षं कार्डिंग खात्यात कापसाचा भुगा ओढून ओढून त्या माणसाचं नाक गेलं होतं. तिथले कामगार गुळाचा खडा चघळत, म्हणजे घसा साफ राहतो म्हणत. नाकासाठी कुणी काही चघळायला सांगितलं नव्हतं. मंजुळा तिकडची, कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. बांबूंच्या वलांडीवर, दोऱ्यांना बोंबील वाळत घालता घालता वाढलेली. मासळी ताजी की शिळी हे ती डोळे झाकून सांगे. माहेरी तिची थट्टा व्हायची की हे नाक गोदीतल्या कस्टमवाल्यांना द्या, कुत्र्यांचा खर्च वाचेल. अशा बाईच्या पदरात देवानं असा नवरा टाकला.

त्या दिवशी ऐकलेलं तिनं पोटात ठेवलं. नवऱ्यालाही कळू दिलं नाही की मला कळलंय. दूध नासलं असलं तर त्याच्या हाती कप जायच्या आधी ती म्हणे, अवो थांबा, माशी पडली. स्टोव्हचं रॉकेल गळायला लागलं की स्वतःच उठून खिडकी उघडे. बारा वर्षं एकाच घरात दोघांनी मिळून एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली. संसार म्हणजे काय, याहून वेगळा असतो थोडाच.

संप मिटला असं कुणी येऊन सांगितलं नाही. भोंगा वाजला नाही एवढंच. महादेव काही दिवस गिरणीच्या गेटपर्यंत जाऊन यायचा, देवळात जावं तसा. मग कॉटन ग्रीनच्या गोदामांतून गाठी वाहणाऱ्या लॉरीवर क्लीनर म्हणून चढला. लॉरीवाल्या सीतारामनं त्याला गाडी शिकवली, लायसन काढून दिलं. कापसानं नाक नेलं आणि कापसाच्याच गाठींनी लायसन दिलं, असं मंजुळा मनात म्हणे. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

पंच्याऐंशी साली त्याला दादरला, हिंदू कॉलनीत, रमाकांत साहेबांकडे नोकरी लागली. साहेब फोर्टातल्या कंपनीत मोठे अधिकारी, त्यांच्या बाई कालिंदी, आणि साहेबांची आई आनंदीबाई. आजींना मोतीबिंदूमुळे माणसं धुरकट दिसायची. घर भाजी-भाकरीवालं, मासळी न खाणारं, पण माणसं शब्दाला मऊ. ड्रायव्हरला 'अहो महादेव' म्हणणारी. महादेव सकाळी तिथं जाऊन जिन्याखालच्या खोलीत युनिफॉर्म चढवायचा आणि संध्याकाळी तिथंच उतरवायचा. कपडे त्यांचा धोबी धुवायचा. आठ वर्षं जुनी गाडी चालली, चारी काचा उघड्या, दादरपासून फोर्टापर्यंतचे सगळे वास आरपार. कुणाच्या नाकाचा प्रश्नच आला नाही.

मग एसीची गाडी आली. पांढरी. महादेवनं पहिल्या दिवशी घरी येऊन मंजुळाला सांगितलं की आत बसलं की बाहेरचा हॉर्नसुद्धा दुसऱ्या गावात वाजल्यासारखा वाटतो. कार्डिंग खात्यातल्या गरमीत उभं आयुष्य घालवलेला माणूस तो. थंड हवेत बसून पगार मिळतो याचं त्याला कितीतरी दिवस नवल वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, कालिंदीबाईंनी रुमाल नाकाला लावला. महादेवला तो पुढच्या आरशात दिसला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नाक चोळलं. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, पोत्यात कुजलेली पालेभाजी ठेवलीय का कुणी. त्या दिवसापासून महादेव रस्ता कमी आणि आरसा जास्त बघायला लागला. स्वतःचं नाक नाही, तर दुसऱ्यांच्या नाकांवरून काय ते समजून घ्यायचं.

बाईंनी विचारलं, "अहो महादेव, तुम्हाला येत नाही का हो वास?"

"येतो ना, बाई. लय येतो."

याशिवाय काय सांगणार. ज्याला वास येत नाही त्याच्या गाडीत पेट्रोल गळलं, वायर जळली, तर? असा ड्रायव्हर कोण ठेवील? गिरणी गेली तेव्हा तो छत्तिशीत होता. आता अठ्ठेचाळीस. ही नोकरी गेली तर पुढं कुणी दार उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरातल्यांनी आपापले उपाय केले. बाईंनी वाटीत कॉफीची पूड ठेवली, लिंबं कापून ठेवली. साहेबांनी सेंटची बाटली लटकवली. आजींनी कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी करून दिली, वर कापूर. गाडीचा देव्हारा झाला, आणि देवाच्या पाठीमागून वास तसाच यायचा. महादेव सगळ्या वाट्या-पुरचुंड्या मनोभावे मांडायचा. त्यातल्या एकीचाही वास त्याला येत नव्हता.

शेवटी परळच्या गॅरेजात जगदीश मिस्त्रीकडे गाडी नेली. जगदीश बोलका. त्यानं डॅशबोर्ड खोलता खोलता समजावलं की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसा एसीच्या कॉइलला आतून येतो. तो घाम एका नळीतून खाली गळायला पाहिजे. नळी तुंबली की पाणी आत साचतं, त्यावर बुरशी धरते, आणि पंखा तीच बुरशी तोंडावर फुंकतो. नळीतून त्यानं मूठभर काळा चोथा काढला, गाडी ज्या पिंपळाखाली उभी राहायची त्याच्या पानांचा. कॉइल साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुतली, हवा मारून सुकवली.

मग त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करायचा आणि नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल कोरडी होऊन झोपते. दुसरी: ओली कॉइल म्हणजे ओला पंचा, जवळ येईल तो वास धरून ठेवते. तेव्हा महिना-दोन महिने रोज नाक लावून बघ. जरा काही वाटलं तर लगेच आण.

महादेवनं विचारलं, तूच बघशील का रोज. जगदीश हसला. म्हणाला, माझ्या नाकात ग्रीस आणि थिनर. मला बायकोच्या हातची फोडणी कळत नाही, तुझी गाडी काय कळणार.

एसी बंद करायची जागा महादेवनं ठरवून टाकली. हिंदमाता टॉकीज आली की एसी बंद, पंखा चालू. तिथून हिंदू कॉलनी बरोबर पाच मिनिटं. ते त्यानं एकदाही चुकवलं नाही. रोज नाक लावायची गोष्ट मात्र राहिली.

दोन दिवस तो घरी जेवला नाही धड. तिसऱ्या दिवशी भात चिवडता चिवडता म्हणाला, "मंजुळे, मला वास येत नाय."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"तुमच्या दादूसनं बांगडा धरला तवापासून. आणि तो सडका होता, अवो. लय सडका."

महादेव जो हसायला लागला तो ठसका लागेपर्यंत. तीही हसली. बारा वर्षांचं ओझं दोघांनी एका घासात उतरवलं. आणि त्याच रात्री ठरलं की नाक मंजुळाचं वापरायचं. जगात त्याला परवडेल असं तेवढंच एक नाक होतं, आणि कोळीवाड्यातलं सगळ्यात तिखट.

मंजुळा लालबागच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. बोंबील, सोडे, करदी, जवळा. दुपारी जेवायला आलेल्या साहेबांना पुन्हा फोर्टात सोडून महादेव रिकामी गाडी घेऊन दादरला परतायचा तो लालबागवरूनच. अडीचच्या सुमाराला गाडी बाजाराच्या तोंडाशी थांबायची. मंजुळा पाटी शेजारच्या सोनूबाईच्या हवाली करायची, हातपाय लाल साबणानं धुवायची, आणि मागच्या सीटवर जाऊन बसायची. जिथं बाई बसतात बरोबर तिथं, म्हणजे बाईंच्या नाकाला जे येईल तेच हिच्या नाकाला यावं. सीट मळू नये म्हणून खाली घरून आणलेला स्वच्छ धुतलेला पंचा अंथरायची. काचा बंद, एसी चालू, परळ नाक्यापर्यंत जायचं. ती डोळे मिटून हवा ओढायची.

"काय?" तो आरशात बघून विचारायचा.

"काय नाय. निर्मळ."

परळ नाक्याला ती उतरायची आणि चालत परत बाजारात. सोनूबाई विचारायची, काय गं, राणीसाहेबांची स्वारी कुठं जाऊन आली. मंजुळा म्हणायची, दिल्लीला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण असे दहा-दहा मिनिटं दोघंच कुठं बसली नव्हती कधी. तो गाडीत गिरणीच्या गोष्टी सांगायचा, तिनं शंभरदा ऐकलेल्या. थंड हवेत त्या नव्या वाटायच्या.

पंचा स्वच्छ होता, यात खोटं काही नाही. फक्त तो वाळायचा त्याच दोरीवर, जिथं शेजारी बोंबील वाळायचे. तिचं लुगडंही तिथंच. तिचे केस, तिचा अंबाडा, तिच्या हाताच्या रेघा. ते तिला कसं कळावं? माशाला पाणी ओलं वाटतं का?

तीनेक आठवडे गेले आणि आरशात पुन्हा रुमाल दिसला. बाई म्हणाल्या, पहिला कुबट वास गेला, पण आता वेगळाच येतोय. मासळीचा. त्यांनी आवाज चढवला नाही, पण शब्द वेचून वेचून विचारलं की गाडीतून मासळीची ने-आण होते का. महादेवनं एकवीरेची आण घेतली की या गाडीत मासळीचं एक खवलंसुद्धा कधी चढलं नाही. आण खरी होती.

"मग कुणाला बसवता का?"

"नाय बाई. कुणाला नाय."

हे खोटं होतं. पण बायकोला बसवतो म्हणावं, तर का बसवतो ते आलं. आणि ते सांगितलं की नाक उघडं पडलं. तो खोटं बोलला आणि आरशातून डोळे काढून घेतले.

पुन्हा जगदीशकडे. जगदीशनं पुन्हा खोललं. नळी मोकळी, कॉइल चकचकीत. म्हणाला, "यंत्र साफ हाय, महादेव. हा वास बाहेरून आत येतोय कुठून तरी." महादेवला वाटलं की वास कधी येतो हेच आपल्याला नीट कळत नाही, दिवसातून एकदा बघून भागणार नाही. मग त्यानं मंजुळाला सकाळीही बसवायला सुरुवात केली. साहेबांना आणायला फोर्टात जायच्या आधी संध्याकाळीही. वास वाढला तसं नाक वाढवलं, आणि नाक वाढवलं तसा वास वाढला. बिचारी दोघं घाम गाळून, मन लावून, आपल्याच हातानं ती गाडी नासवत होती.

एका संध्याकाळी महादेव घरी आला तो भिंतीला टेकून बसला. बाई म्हणाल्या होत्या, महिनाअखेर बघू. एवढंच. गिरणीत असताना त्यानं साहेबलोकांची पुष्कळ भाषणं ऐकली होती, पण बघू हा शब्द त्याला सगळ्यांत जास्त ओळखीचा झाला होता. मंजुळाला तो म्हणाला की तुझ्या नाकाचा दोष नाही गं, माझं नशीबच कुजलंय.

मंजुळानं ठरवलं, आपण जायचं. बाई बाईशी बोलली तर काहीतरी निघेल. महादेव साहेबांबरोबर फोर्टात असेल अशी वेळ बघून ती हिंदू कॉलनीत गेली. सकाळी दोनदा न्हाली होती. लग्नाकार्यातलं ठेवणीतलं लुगडं नेसली, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. हातात मासळीचं काही नव्हतं. मासळीचा संशय असलेल्या घरी सोडे घेऊन जायला ती काही खुळी नव्हती. आजींसाठी सोनचाफ्याची चार फुलं तेवढी पानात बांधून नेली.

दार कालिंदीबाईंनी उघडलं. या म्हणाल्या. बसायला स्टूल दिलं, पाणी आणायला वळल्या. आतल्या खोलीत कॉटवर आनंदीबाई माळ ओढत होत्या. मंजुळा उंबरा ओलांडून दोन पावलं आत आली असेल नसेल, तोच आजींची माळ थांबली.

"कालिंदी, महादेव आला का गं गाडी घेऊन? तो वास आला बघ."

कालिंदीबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. आजींच्या आवाजात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. म्हातारीला दिसत नव्हतं, तिनं आपलं वासावरून ओळखलं होतं, जसं मंजुळा बोंबील ओळखते.

मंजुळानं पदराचं टोक नाकाला लावलं आणि ओढून बघितलं. लुगड्याला नुसता कापडाचा वास होता, अबोलीला तर वास नसतोच. चाफ्याचा आला. दुसरं काही नाही. चार दिवसांच्या बांगड्यापुढं ताजा म्हणणारा नवरा तिला आठवला, त्याला तेव्हा कसं वाटलं असेल ते आता कळलं.

कालिंदीबाई जवळ आल्या. अगदी हळू विचारलं, "तुम्ही बसता का गाडीत?"

आता सांगता आलं असतं. नवऱ्याला नाक नाही, म्हणून मी त्याचं नाक होऊन बसत होते, असं म्हटलं असतं तर बाईंना दयाही आली असती. पण दया येऊन काय, नाक नसलेला ड्रायव्हर कुणी ठेवला असता? आणि चंदूला कुणाला बोलू नको म्हणणारा त्याचा तो आवाज तिच्या कानात होता. तिनं मान खाली घातली.

"बसते, बाई. हौस होती मला. मीच हट्ट धरला, ते नको म्हणत होते."

"वासाचं मी चालवून घेतलं असतं हो," बाई म्हणाल्या. "पण मी विचारलं तेव्हा ते तोंडावर नाही म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला घेऊन बसतो आम्ही त्यांच्या भरवशावर."

मंजुळानं फुलं स्टुलावर ठेवली. जाताना एवढंच मागितलं की नोकरीचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा, पण वास माझा होता, हे त्यांना सांगू नका. कालिंदीबाईंनी मान डोलावली. त्यांनी तो शब्द पाळला, हे माप त्यांच्या पदरात घातलं पाहिजे. महादेवला त्या म्हणाल्या की साहेबांच्या कंपनीकडून ड्रायव्हर मिळतोय, तुमचं काम चोख होतं. वर एक शर्टपीसही दिला.

पुढचं थोडक्यात. त्याला ड्रायव्हरची नोकरी पुन्हा कुणी दिली नाही. वर्षभरानं परळच्या एका बंद गिरणीच्या गेटावर वॉचमनचं काम मिळालं. आत विणकामाचे साचे भंगारात चालले होते आणि हा बाहेर स्टुलावर बसून ट्रकांचे नंबर लिहायचा. ज्या गेटातून आत जायची आस धरून होडी सोडली, तसल्याच गेटातून सगळं बाहेर जाताना बघायचं काम. छाती आधीच भरलेली, खोकला वाढला, आणि एका थंडीत तो गेला. चंदूनं खांदा दिला. शेवटपर्यंत महादेव म्हणायचा, "आपण एवढं बघितलं, मंजुळे, तरी वास कुठून येत होता ते कळलं नाय." ती म्हणायची, "जाऊ द्या, अवो. यंत्राचं कुणाला कळलंय." दुसऱ्यांदा तिनं पोटात एक गोष्ट ठेवली, आणि या वेळी ती उतरवायला घास सापडला नाही.

नोकरीचा शेवटचा दिवस मात्र सांगितला पाहिजे.

त्या दिवशी साहेबांना फोर्टात सोडून तो अडीचच्या सुमाराला लालबागला आला, रोजच्यासारखा. काच खाली करून म्हणाला, चल. उद्यापासून दुसऱ्याच्या हाती जायची गाडी. निर्मळ द्यायची. नवा माणूस म्हणायला नको की महादेवनं घाण करून दिली.

तिनं पाटी सोनूबाईकडं सरकवली. हातपाय धुतले. बसावं, तर वास आत जाणार. बसू नये, तर का बसत नाहीस म्हणून विचारणार. ती म्हणाली, गुडघा धरलाय आज, चढता यायचं नाही. इथूनच बघते. तिनं मागचं दार उघडलं, पदर दोन्ही हातांनी अंगाशी घट्ट आवळून धरला, अंग बाहेर ठेवलं आणि मान तेवढी आत घातली. थंड हवा तोंडावर आली. डोळे मिटून तिनं ती छातीभर ओढली, असतील नसतील तेवढी पोरीपणापासूनची सगळी वलांडी आठवून ओढली.

तिला काहीच आलं नाही.

"काय?" त्यानं आरशातून विचारलं.

"निर्मळ हाय, अवो."

त्याचा चेहरा सैल झाला. "बघ," तो म्हणाला, "दिली का नाय सुधारून." तिनं दार लावलं. तिथला आपल्या बोटांचा डाग दिसला म्हणून पदरानं पुसायला गेली, आणि मग पदरही मागं घेतला.

गाडी निघाली. आजींना डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं चारला, त्याआधी घरी लावायची होती. मंजुळा बाजाराच्या तोंडाशी उभी राहिली. गाडीचं पांढरं टप भारतमाता टॉकीजपाशी दिसलं, मग एका टेम्पोआड गेलं. तिला बघायची गरज नव्हती. आता परळ नाका. आता सिग्नलला थांबला असेल, तो लाल दिव्याला गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायचा नाही कधी. आता हिंदमाता. त्याचा डावा हात पुढं गेला असेल, एसीची कळ खाली, पंख्याची तशीच, आणि उद्या दुसऱ्याच कुणाला लागणारी ती कॉइल त्यानं रोजच्यासारखी पाच मिनिटं वाळवत नेली असेल.